पत्रादेवीच्या अलीकडे तो मेसेज चालत नाही

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. मथळा 'वकिलाला पैसे देऊ नका' आणि खाली पाच सूचना. मृत्युपत्र साध्या कागदावर लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, झालं. नकोसा मुलगा एका ओळीत बेदखल करा. स्वतः कमावलेली मालमत्ता एकट्याची, हवी त्याला द्या. नॉमिनी लावला की मृत्युपत्र नकोच. पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचं अधिकारपत्र, मुलाच्या नावे केली की तुमच्या माघारी त्याची धावपळ वाचते.

लिहिणारा पुण्या-मुंबईकडचा असावा. पहिल्या तीन सूचना तिथे बऱ्याच अंशी लागूही पडतात. शेवटच्या दोन कुठेच नाहीत. पण मेसेज फिरतोय महाराष्ट्र-गोवा सीमेवरच्या पत्रादेवी नाक्याच्या अलीकडे, गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडण्यात, आणि इथे वारशाला ना हिंदू उत्तराधिकार कायदा लागतो ना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा. इथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून आली, मुक्तीनंतरही राहिली, आणि वारसाहक्काचा भाग आता २०१६ च्या डिसेंबरात लागू झालेल्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्यात आहे.

साधा कागद. इथली वहिवाट नोटरीसमोरच्या मृत्युपत्राची. नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर शिक्का मारणारे नव्हेत, तर सब-रजिस्ट्रार कचेरीत बसणारे स्पेशल नोटरी. सार्वजनिक मृत्युपत्र त्यांच्या पुस्तकात लिहिलं जातं. मजकूर गुप्त ठेवायचा असेल तर बंद मृत्युपत्राची सोय आहे, पण तेही त्यांच्याकडूनच मंजूर करून घ्यावं लागतं. शेजारच्या दोघांच्या सह्या घेऊन कपाटात ठेवलेल्या कागदावर घरदार सोडू नका.

दुसरी आणि तिसरी सूचना एकत्रच घेतो, कारण खरा घोळ तिथे आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते. पगारातून घेतलेला फ्लॅट, आईकडून आलेलं भाट (माडांची बाग), सगळं त्यात आलं. अर्धं बायकोचं, आणि ते तिला नवरा गेल्यावर वारसा म्हणून मिळत नाही, ते आधीपासूनच तिचं असतं. म्हणून तर घर विकताना तिची सही लागते. 'मी कमावलं, मी देईन' म्हणणाऱ्याच्या हाती मुळात आठ आणेच असतात.

त्या आठ आण्यांतलेही चार बांधलेले. मुलं असतील तर आपल्या हिश्शाचा अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीव राहतो, मुलगा-मुलगी समान. मृत्युपत्र चालतं ते उरलेल्या अर्ध्यावर. समजा घर आणि भाट मिळून ८० लाखांचं. ४० लाख बायकोचे. नवऱ्याच्या ४० पैकी २० लाख राखीव, २० लाख मर्जीचे. दोन मुलं असतील तर ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्यालाही १० लाख जातातच. बेदखल करता येतं, पण कायद्याने मोजकी कारणं दिली आहेत, आणि कारण मृत्युपत्रात लिहावं लागतं. 'म्हातारपणी विचारलं नाही' एवढ्यावर भागेल अशी आशा नको.

मग हयातीतच बक्षीसपत्र करून टाकू, असं कुणी तरी हमखास सुचवतं. वारस हिशेबाला बसतात तेव्हा ते बक्षीसही मोजलं जातं, आणि राखीव हिश्शाला हात लागला असेल तर कापलं जातं. पुण्यात फ्लॅट घेऊनही सुटका नाही; गोमंतकीयाच्या भारतातल्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही इथलाच वारसाकायदा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे.

नॉमिनीचं थोडक्यात. पैसे घ्यायला पुढे कोण येईल, एवढंच ते नाव सहसा सांगतं, मालक वारसच. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच म्हटलं.

पॉवर ऑफ अॅटर्नीवरची भाबडी श्रद्धा मात्र सगळ्यात महाग पडते. देणारा माणूस गेला की ते पत्र सर्वसाधारणपणे त्याच क्षणी संपतं. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याचं मानसिक भान हरपलं तरीही संपतं. म्हणजे बाबांना विस्मरणाचा आजार जडल्यावर, ज्या दिवसांसाठी ते केलं होतं, नेमकं तेव्हाच. त्या पत्रावर विक्री झाली म्हणून जमीन आपली झाली असंही कुणी समजू नये, ते सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच निकालात काढलं. दुबई-लंडनहून मुलांनी करून पाठवलेलं पत्र असेल तर भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा असतो. कुरियरचं पाकीट तसंच कपाटात पडलेलं मी अनेक घरांत पाहिलंय.

मेसेज मला पहिल्यांदा पाठवला तो मामांनी. त्यांना मूलबाळ नाही, आईवडील केव्हाच गेले, तीन भाऊ आहेत. मृत्युपत्राविना ते गेले तर त्यांच्या अर्ध्या हिश्शावर इथल्या कायद्यात आधी भाऊ येतात, बायको त्यांच्यानंतर. आणि भावांचा हिस्सा राखीव नसल्याने मृत्युपत्रात सगळं मामीला देता येतं. फोन करून मी एवढंच विचारलं, "मामा, मामी घरात आहेत का? त्यांनाही जरा फोनवर बोलवा."