‘सजवलेला ग्रेप’ आणि मला न येणारी सी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार अनामिक,

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं लेखावर आहे, दुसऱ्यांदा कळलं माझ्यावर आहे.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सी भाषेतल्या कोडमधली धोक्याची ठिकाणं शोधायची तर सुरुवात फ्लॉफाइंडर या कोड तपासणाऱ्या साधनापासून करावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं : गेट्स हे फंक्शन (आलेला मजकूर लांबी न पाहता भरून घेणारं) सी९९मधून नव्हे, सी११मधून काढलं (सी भाषेची १९९९ आणि २०११ची प्रमाणकं). फ्लॉफाइंडरला डेटा कुठून येतो, कुठे जातो ते कळत नाही, त्यामुळे हार्टब्लीडसारखी (ओपनएसएसएल या सुरक्षित संवादाच्या लायब्ररीतून मेमरीतली माहिती बाहेर गळू देणारी) चूक त्याच्या नाकाखालून निघून जाईल. खोट्या इशाऱ्यांना कंटाळून लोक शेवटी सगळेच इशारे बंद करतात. आणि मग हे रत्न : “ज्यांना सी येत नाही तेच असल्या सजवलेल्या ग्रेपवर विसंबतात.” (ग्रेप म्हणजे फाइलींत नुसता शब्द शोधणारी आज्ञा.)

गेट्सबद्दल आपलं बरोबर आहे. सी९९मध्ये ते होतं, २००७च्या दुरुस्तीत त्यावर ‘वापरू नका’ असा शिक्का बसला आणि सी११ने ते काढून टाकलं. त्या दुरुस्तीमुळे माझ्या डोक्यात गोंधळ झाला. लेखात बदल केला आहे. चूक मान्य करायला मला कधीच जड गेलेलं नाही, जुने वाचक सांगतील.

आता ते रत्न.

मला सी येत नाही. बरं. १९९७ साली पहिला सी प्रोग्राम लिहिला आणि २००१पासून पगार त्याच भाषेचा घेतो आहे. डीबगर लावायची सोय नसलेल्या यंत्रावर नुसता एक दिवा लुकलुकवून चूक शोधली आहे. कोअर डंप (कोसळलेल्या प्रोग्रामच्या मेमरीची नक्कल) कागदावर छापून, पेनाने खुणा करत वाचले आहेत. हे मिरवायला सांगत नाही. पण समोरच्याला काय येतं हे न विचारता निकाल लावायचा असेल, तर निदान पुरावा तरी मागवून घ्यावा.

मुळात ‘सी येणं’ आणि ‘सीमध्ये न चुकणं’ या दोन गोष्टी आपण एकच धरल्या आहेत. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्म हा इंटरनेटवर आपोआप पसरणारा प्रोग्राम सुटला. तो ज्या वाटांनी आत शिरला त्यांतली एक म्हणजे फिंगरडी, यंत्रावरच्या वापरकर्त्यांची माहिती देणारा प्रोग्राम. तिथे ५१२ बाइटांची जागा होती आणि ती भरायला गेट्स. वर्मने ५३६ बाइट पाठवले. फिंगरडी बर्कलीच्या युनिक्समधला. ज्यांच्या कोडवर आपण सगळे मोठे झालो, त्यांना सी येत नव्हतं म्हणायचं का? किंवा फेब्रुवारी २०१४मध्ये ॲपलच्या कोडमध्ये सापडलेली ती ‘गोटू फेल’ची ओळ घ्या. एकच ओळ दोनदा पडली, दुसरी कुठल्याही अटीत बसेना आणि सुरक्षित जोडणी करताना सर्व्हरने पाठवलेल्या किल्लीवरच्या सहीची तपासणीच वगळली गेली. ती लिहिणाऱ्याला इफचा कंस शिकवायला आपण जाणार आहात का?

आणि माझंच सांगतो, कारण आपल्याला माझ्यातच रस दिसतो. एका जुन्या नोकरीत मी लिहिलेली ओळ होती. नावासाठी ३२ बाइटांची जागा, ते नक्कल करायला स्ट्रएनकॉपी आणि लांबी म्हणून साइझऑफ, म्हणजे जागेचा पूर्ण आकार. दिसायला अगदी शहाण्यासारखी. नाव बरोबर ३२ अक्षरांचं आलं की स्ट्रएनकॉपी मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य लिहीत नाही, हे मला पाठ होतं. मुलाखतींत मी हाच प्रश्न विचारून मुलांना अडवायचो. त्याच स्ट्रक्टमध्ये पुढचं घर पासवर्डचं होतं. लॉगमध्ये नाव छापताना प्रिंटएफ शून्य सापडेपर्यंत चालत गेला आणि नावाला चिकटवून पासवर्डही छापून मोकळा झाला. ते लॉग रोज ईमेलने चार जणांकडे जायचे. दीड वर्ष.

फ्लॉफाइंडरने ती ओळ दाखवली असती. स्ट्रएनकॉपीला तो पातळी १ देतो (५ म्हणजे सर्वांत वाईट, गेट्सची जागा), आणि आम्ही बिल्डमध्ये किमान पातळी ४ ठेवली होती, म्हणजे त्याखालचे इशारे दिसतच नव्हते. आता आपण टाळी वाजवून म्हणाल, हेच तर मी म्हणत होतो, कंटाळून इशारे बंद केले! नाही. आम्ही कंटाळलो नव्हतो, आम्ही प्राधान्यक्रम ठरवला होता. दोन्हींत फरक आहे आणि तो ज्याला सी येतं त्याला तरी समजायला हवा.

‘सजवलेला ग्रेप’ या शब्दांवरही थोडं बोलायला हवं, कारण ते कुठेतरी ऐकलेले दिसतात. डेव्हिड व्हीलर यांनी २००१मध्ये हे साधन पायथनमध्ये लिहिलं, आणि ते नमुने जुळवून काम करतं हे त्यांनी कधी लपवलेलं नाही. पण ग्रेपला स्ट्रकॉपी (लांबी न तपासता मजकूर नक्कल करणारं फंक्शन) हा शब्द कॉमेंटमध्ये आहे की कोडमध्ये, हे कळत नाही, याला कळतं. स्ट्रकॉपीला दिलेली स्ट्रिंग कोडमध्येच ठरलेली असेल तर हा धोक्याची पातळी उतरवतो. प्रिंटएफची फॉरमॅट स्ट्रिंग कायमची असेल तर गप्प बसतो, बाहेरून आलेलं चल असेल तर पातळी ४ लावतो. एवढं ग्रेपकडून करून घेऊन दाखवा, मी आपलं नाव लेखाच्या शीर्षकात घालेन. शिवाय अहवालाच्या शेवटी तो स्वतःच सांगतो की प्रत्येक नोंद म्हणजे भोक असेलच असं नाही, आणि यात न आलेली भोकंही असू शकतात. साधनाकडे ही नम्रता आहे. प्रतिक्रिया देणाऱ्यांकडे का नसावी, हा प्रश्न मी मोकळाच सोडतो.

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत, पण उत्तर दिलं नाही तर पळालो म्हणाल.

हार्टब्लीड. एप्रिल २०१४मध्ये तो उघड झाला तोवर डेटाचा प्रवाह समजणारं कव्हेरिटी हे साधनसुद्धा त्याच्यापाशी गप्प होतं. नंतर त्यांनी युक्ती घातली ती कोणती? बाइटांचा क्रम उलटवून घेतलेला आकडा दिसला की तो बाहेरून आलेला, म्हणजे अविश्वासू समजायचा. मला तरी यात नमुना ओळखण्याचाच वास येतो. उलट फ्लॉफाइंडरने मेमकॉपीच्या (मेमरी नक्कल करणाऱ्या फंक्शनच्या) त्या चुकीच्या ओळीवर पातळी २ लावून बोट ठेवलं असतं. हो, ओपनएसएसएलमधल्या बाकीच्या प्रत्येक मेमकॉपीवरही ठेवलं असतं. असो. चूक शंभर टक्के पकडणारं आणि खोटा इशारा एकही न देणारं साधन हवं असेल तर राइसचं १९५३चं प्रमेय वाचा, असं साधन बनूच शकत नाही हे त्यातून निघतं. तक्रार तिथे नोंदवा.

इशारे बंद करण्याबद्दल : २००६मध्ये डेबियन या लिनक्समध्ये ओपनएसएसएलच्या दोन ओळी काढल्या गेल्या, कारण त्या ओळींवरून न भरलेली मेमरी वाचल्याच्या तक्रारी येत होत्या. २००८मध्ये उघडकीला आलं की त्यामुळे किल्ल्या बनवताना यादृच्छिकपणा म्हणून जवळजवळ फक्त प्रोसेसचा क्रमांक उरला होता, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. ती तक्रार करणारं व्हॅलग्राइंड, प्रोग्राम चालवून मेमरीच्या चुका शोधणारं साधन, हे काही ग्रेप नव्हे. तेव्हा माणसं इशारा कसा बंद करतात याचा दोष फ्लॉफाइंडरच्या माथी मारू नका.

आपण शेवटी असंही लिहिलंय की आपण वीस वर्षं असं एकही साधन न वापरता सी लिहीत आहात. त्या कोडवर एकदा फ्लॉफाइंडर चालवा. किमान पातळी १ ठेवा, आमच्यासारखी ४ नको. आणि जे सापडेल ते इथे लिहायची तसदी घेऊ नका, मला कुतूहल नाही.

गेट्सच्या दुरुस्तीखाली श्रेय म्हणून आपलं नाव द्यायचं मनात होतं. पण आपण नावच दिलेलं नाही, म्हणून ‘एका वाचकाने लक्षात आणून दिलं’ एवढंच लिहिलं आहे.