प्रीमेड पुण्यात उरकायला निघालेल्यांनो, जरा थांबा

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय: 'अमेरिकेत डॉक्टर व्हायचंय? हे पाच मुद्दे वाचा', खाली हात जोडलेले इमोजी. असलं काही मी उघडत नाही. पण माझ्या बहिणीने ते वाचलं आणि मनावर घेतलं. तिची मुलगी न्यू जर्सीतल्या एडिसनला वाढलेली, इकॉनॉमिक्सची पदवीधर, नोकरी करतेय आणि आता मेडिकलला जायचं म्हणतेय. तिकडे मेडिकलला पदवीनंतर जातात, पण त्याआधी लागणारे विज्ञानाचे कोर्स, म्हणजे प्रीमेड, तिने कॉलेजात घेतलेच नव्हते. ते आता कुठे करायचे, एवढाच प्रश्न होता. मेसेज वाचून घरात काय ठरलं, तर पोरीने नोकरी सोडावी, आजीकडे पुण्याला जावं आणि सहा महिन्यांत सगळं उरकून यावं!

मेसेजचं म्हणणं असं. एक, कम्युनिटी कॉलेजातले (म्हणजे गावोगावच्या दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजातले) कोर्स मेडिकल कॉलेजं मोजतच नाहीत. दोन, बड्या विद्यापीठाचं 'पोस्टबॅक', म्हणजे पदवीनंतर हे कोर्स केल्याचं, सर्टिफिकेट नसेल तर अर्जच करता येत नाही. तीन, ते परवडत नसेल तर तेच कोर्स भारतात सहा महिन्यांत करा. चार, ग्रेड वाईट आली तर कोर्स पुन्हा करा, जुनी पुसली जाते. पाच, लॅब ऑनलाइन केली तरी चालते.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण त्यापायी एका मुलीची नोकरी जाणार होती.

अमेरिकेतल्या बहुतेक एमडी कॉलेजांचे (तिकडे एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) अर्ज 'ॲमकॅस' या एकाच सेवेतून जातात. ती चालवते एएएमसी, म्हणजे मेडिकल कॉलेजांचीच संघटना. परदेशी कॉलेजात केलेले कोर्स ॲमकॅस पडताळत नाही आणि जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरत नाही. अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या मान्यताप्राप्त कॉलेजाने ते क्रेडिट आपल्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रिकेवर, घेतले असतील, तरच गोष्ट वेगळी. म्हणजे पोरगी पुण्यात पहिली आली तरी अर्जातला तिचा सायन्सचा जीपीए होता तिथेच राहणार.

बरं, पुण्यात ती करणार तरी काय? आपल्याकडे प्रवेश बीएस्सीला मिळतो, सुट्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीला कोण घेणार? मग उरला क्लासवाला. तो शिकवेल उत्तम, पण ट्रान्सक्रिप्ट कोण देणार? त्याच्या लेटरहेडवर 'सदर विद्यार्थिनीने शिकवणी पूर्ण केली' असं लिहून आणायचं का?

आणि सहा महिन्यांचं गणित तर अमेरिकेतही बसत नाही. जनरल केमिस्ट्रीचे दोन भाग, मग ऑरगॅनिकचे, मग बायोकेमिस्ट्री, आणि मागचा पास झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही. भाचीने मला पोर्टलवर दाखवलं: ऑरगॅनिकवर क्लिक केलं की लाल अक्षरांत 'प्रीरिक्विझिट' येतं आणि गाडी तिथेच अडते. सोबत बायोलॉजी, फिजिक्स आणि एमकॅट या प्रवेश परीक्षेची तयारी. एमकॅटमध्ये २०१५ पासून सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीही आहे. उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवल्या तरी वर्ष-सव्वा वर्ष कुठे गेलं नाही. नोकरी सांभाळून केलं तर दोन वर्षं धरा.

आता पहिला मुद्दा. यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. काही मेडिकल कॉलेजं कम्युनिटी कॉलेजच्या नावाने नाक मुरडतात, आणि अवघड कोर्स चार वर्षांच्या कॉलेजात केलेला असावा असं स्पष्ट सांगणारीही आहेत. पण 'मोजतच नाहीत' हे साफ खोटं. पदवीनंतर केलेले कोर्स ॲमकॅसच्या जीपीएच्या तक्त्यात 'पोस्टबॅक' अशा वेगळ्या ओळीत दिसतात, कम्युनिटी कॉलेजचे असले तरी. 'ॲकॅडमिक मेडिसिन' या नियतकालिकात २०१४ साली आलेल्या अभ्यासात २०१२ चे विद्यार्थी तपासले होते. मेडिकलला प्रवेश मिळालेल्यांपैकी पाव हिश्शाहून अधिक जणांनी कधी ना कधी कम्युनिटी कॉलेजात कोर्स केले होते. त्यात शाळेत असतानाच केलेलेही धरलेत, तेव्हा आकडा ताणू नका. पण सरसकट बाद करत असते तर तो एवढा आला असता का?

कोणतं कॉलेज काय मानतं हे व्हॉट्सॲपवरच्या काकांना विचारायची गरज नाही. एएएमसीचा 'एमएसएआर' नावाचा डेटाबेस आहे. वर्गणी भरावी लागते, पण एका कोर्सच्या फीपुढे ती काहीच नाही. त्यात प्रत्येक कॉलेजच्या पानावर कम्युनिटी कॉलेज, ऑनलाइन कोर्स, एपी क्रेडिट (शाळेतच कॉलेजच्या पातळीची परीक्षा देऊन मिळवलेलं) चालतात की नाही ते लिहिलेलं असतं. भाचीने आधी आपल्या कॉलेजांची यादी करावी, मग कोर्सची जागा ठरवावी. माझं मत विचाराल तर जनरल केमिस्ट्री घराजवळच्या मिडलसेक्स या कम्युनिटी कॉलेजात आणि ऑरगॅनिक-बायोकेमिस्ट्री रटगर्ससारख्या विद्यापीठात.

दुसरा मुद्दा निव्वळ भीती घालणारा. कोलंबिया विद्यापीठाचा पोस्टबॅक कार्यक्रम १९५५ पासून आहे, ब्रिन मॉर कॉलेजचा १९७२ पासून. दोन्ही चांगले. सल्लागार मिळतात, शिफारसपत्रांची सोय होते, आणि ठरलेल्या मेडिकल कॉलेजांशी 'लिंकेज', म्हणजे थेट प्रवेशाचा करार, असला तर अर्ज आणि प्रवेशामधलं रिकामं वर्ष वाचू शकतं. ज्याला हे परवडतं त्याने जरूर जावं. पण मेडिकल कॉलेज बघतं ते कोर्स, ग्रेड आणि एमकॅट. सर्टिफिकेट ही पात्रतेची अट नाही. आणि नावाचंच एवढं वेड असेल तर हार्वर्ड एक्स्टेंशनमध्ये संध्याकाळच्या वर्गात कुणालाही सुटा कोर्स घेता येतो. हे मात्र मेसेजवाल्याला माहीत नाही!

चौथा: ॲमकॅस दोन्ही प्रयत्न मोजतं. ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजांसाठीच्या (तिथे एमडीऐवजी डीओ ही डॉक्टरकीची पदवी मिळते) वेगळ्या अर्जात जुनी ग्रेड बदलून मिळायची, ती सोय २०१७ मध्ये बंद झाली. म्हणजे हा मुद्दा इतका शिळा आहे. पाचवा कोविडच्या काळातला. तेव्हा नाइलाजाने बऱ्याच कॉलेजांनी ऑनलाइन लॅब चालवून घेतल्या, आता प्रत्येकाचा नियम वेगळा आहे. पुन्हा तोच डेटाबेस उघडा.

खरा विचारायचा प्रश्न मेसेजमध्ये नाहीच: व्हिसा कोणता? भाचीकडे ग्रीन कार्ड आहे. पण आपल्या ओळखीत एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, वाढलेली कितीतरी मुलं आहेत. एकवीस पूर्ण झाली की तो व्हिसा संपतो आणि बरीच एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात, म्हणजे परदेशी विद्यार्थी ठरतात. परदेशी विद्यार्थ्यांना बरीच सरकारी मेडिकल कॉलेजं घेतच नाहीत, आणि फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्जही त्यांना मिळत नाही. अशा घरांनी कोर्स कुठे करायचा हे ठरवण्याआधी, आपल्याला मुळात कोण घेतं याची यादी काढावी आणि त्या प्रवेश कार्यालयांना ईमेल करून उत्तर लेखी मागवून घ्यावं.