कोरियातले मिलिटरी पोलीस बुसानमध्ये लोळत नव्हते

कोरियन युद्धावरचा एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: १९५०-५१ मध्ये अमेरिकेचे मिलिटरी पोलीस, म्हणजे लष्कराचे स्वतःचे पोलीस, पिछाडीला दक्षिण कोरियातल्या बुसान बंदरात मजेत होते. शिट्ट्या मारायच्या, दारुडे जवान उचलायचे, पळणाऱ्यांना गोळ्या घालायच्या, एवढंच त्यांचं काम. कैदीही त्यांना सांभाळता आले नाहीत. ते शेवटी आपल्या भारतीय लष्करातल्या थोरातांनी येऊन सांभाळले. आता खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनीच या युद्धाला 'पोलीस कारवाई' म्हणायला होकार भरला होता, त्यामुळे पोलिसांवर विनोद सुचणारच. पण दारुड्यांचा मुद्दा सोडला तर बाकी मजकूर टिकत नाही.

आधी शिट्टी, म्हणजे रस्त्यावरची वाहतूक सांभाळणं. २० जुलै १९५० ला दक्षिण कोरियातलं देजॉन उत्तर कोरियाच्या हाती पडलं. शहर पेटलेलं, रस्त्यांवर गोळीबार चालू. त्या गडबडीत अमेरिकेच्या २४व्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल विल्यम डीन यांची जीप ओकचॉनचा फाटा चुकली आणि कुमसानच्या रस्त्याला लागली. मागे फिरायची सोय नव्हती. डीन महिनाभर डोंगरात भटकले, २५ ऑगस्टला पकडले गेले आणि सुटले ते थेट सप्टेंबर १९५३ मध्ये. फाट्यावर माणूस असता तर काय झालं असतं, हे जर-तर झालं. पण अरुंद, कच्च्या रस्त्यांवरून अख्खी फौज माघार घेते, तेव्हा कोणती गाडी कुठे वळणार हे सांगणारा माणूस बिनकामाचा नसतो.

आता 'पिछाडीला'. ३ जानेवारी १९५१ चं सोल बघा. चिनी फौज दाराशी आलेली. कोरियात लढणाऱ्या अमेरिकेच्या आठव्या सेनेची सूत्रं घेऊन जनरल रिजवे यांना आठवडाच झाला होता. हान नदी गोठलेली आणि तिच्यावर तरंगते पूल. त्यांवरून आठ इंची हॉवित्झर तोफा आणि ब्रिटिशांचे सेंच्युरियन रणगाडे जायचे होते, पूल वजन पेलेल की नाही याचीच धास्ती. दुपारी तीननंतर पूल आणि मुख्य रस्ता फक्त लष्कराला, असा हुकूम निघाला. तो पाळून घेण्यासाठी रिजवे यांनी ब्रिगेडियर जनरल चार्ल्स पामर यांना जातीने पुलाशी पाठवलं. निर्वासित हटले नाहीत तर मिलिटरी पोलिसांनी आधी त्यांच्या डोक्यांवरून गोळ्या झाडायच्या. तरीही लोंढा थांबला नाही तर थेट लोकांवर. हे रिजवे यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. पुलाबाहेर काढलेली माणसं मग पोरं, म्हातारी, बोचकी घेऊन बर्फावरून नदी ओलांडू लागली. त्या पोलिसांना मी संत म्हणत नाही. हा हुकूम वाचताना अंगावर काटा येतो. पण पुलाच्या तोंडाशी ही बंदूक धरून उभा राहिलेला पोरगा 'मजेत' होता, हे मला कुणी पटवून देऊ नये.

पळणाऱ्यांना गोळ्या? त्याच्या दोनच दिवस आधी, नववर्षाच्या सकाळी, रिजवे सोलच्या उत्तरेला गेले होते. समोरून दक्षिण कोरियाचे सैनिक ट्रक भरभरून पळत येत होते. सेनापती स्वतः रस्त्यात उभे राहिले, तर पहिले ट्रक त्यांना चुकवून निघून गेले. मग त्यांनी बऱ्याच मागे रस्त्यांवर नाके लावले आणि तिथे अमेरिकन मिलिटरी पोलीस बसवले. सैनिक अडवायचे, त्यांच्या तुकड्या बांधायच्या, हत्यारं द्यायची आणि परत आघाडीवर धाडायचे, असा हुकूम होता. ही युक्ती लागू पडली.

राहिले कैदी. ऑगस्ट १९५० मध्ये ते हजारही नव्हते; नोव्हेंबरमध्ये एक लाख तीस हजारांवर गेले. अमेरिकी फौज समुद्रातून इंचॉन बंदरावर उतरली, त्यानंतर उत्तर कोरियाची फौजच कोसळली आणि इतक्या माणसांसाठी ना छावण्या होत्या, ना कपडे, ना पुरेसे पहारेकरी. होते त्यांनाही या कामाचं धड शिक्षण नव्हतं, एवढं मजकुरातलं खरं. म्हणून तर १९५१ च्या जानेवारीत कैदी दक्षिण कोरियाच्या गोजे बेटावर हलवायला सुरुवात झाली. मेजर जनरल थोरात आपली फौज घेऊन पोचले ते १९५३ मध्ये, युद्धबंदीच्या सह्या झाल्यावर. मायदेशी परतायला नकार देणारे सुमारे बावीस हजार कैदी त्यांच्या ताब्यात आले, आणि ती फौज खास त्याच कामासाठी गेली होती.