'सूत्रं वाटू नयेत' म्हणणाऱ्या वाचकास

महोदय,

प्रतिक्रियेबद्दल आभार. विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची अणूची ताकद) मलिकन आणि पॉलिंग या दोन शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या रीतीने मोजली; मलिकनचा आकडा पॉलिंगच्या आकड्यांत कसा आणायचा, या माझ्या लेखावर तुम्ही चार आक्षेप घेतलेत. एक लगेच मान्य: त्यासाठी दिलेल्या सूत्रातला ०.१८७ हा गुणक ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये असल्या तरच चालतो, हे कंसात न टाकता ठळक लिहायला हवं होतं.

पण 'ज्याला दोन राशींमधला फरक कळत नाही त्याने सूत्रं वाटू नयेत' हे काय? पॉलिंगने १९३२ साली आपले आकडे बंधऊर्जांवरून काढले, मलिकनने १९३४ मध्ये सुट्या अणूची आयनन ऊर्जा (त्यातला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी) आणि इलेक्ट्रॉन आसक्ती (नवा इलेक्ट्रॉन घेताना सुटणारी ऊर्जा) यांची सरासरी घेतली, हे माझ्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. तो वाचलात, की सूत्र दिसल्याबरोबर बाह्या सरसावल्या?

निवृत्त होईपर्यंत मी ज्युनिअर कॉलेजात हेच शिकवलं. मुलांना क्लोरीन करायला लावायचो: आयनन ऊर्जा १२.९७ अधिक आसक्ती ३.६१, म्हणजे १६.५८, गुणिले ०.१८७, अधिक ०.१७, उत्तर ३.२७. पॉलिंगच्या तक्त्यात मात्र ३.१६. मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारायचं, "सर, हे ०.११ जास्तीचे कुठून आले?" अहो, तो प्रश्न यावा म्हणूनच ते गणित घालायचो! दोन्ही आकड्यांचा आलेख काढून त्यातून ओढलेली ती सरळ रेषा आहे, सगळे बिंदू तिच्यावर बसणार नाहीतच. सेल्सियसचं फॅरनहाइट करण्याइतकं हे चोख नाही, हे मला तुमच्याकडून शिकायचं बाकी नव्हतं. आणि सांगायचंच होतं, तर जरा नीट बोलून सांगता आलं असतं. बाकावरची पोरं सांगायचीच की.

हायड्रोजनला या सूत्राने २.८५ येतं आणि तक्त्यात २.२० आहे, म्हणून सूत्रच मोडीत काढा म्हणता. हायड्रोजन कुठल्या नियमात धड बसतो हो? आवर्तसारणीतल्या त्याच्या जागेवरूनही अजून वाद आहेत. सुट्या अणूऐवजी संयुजा अवस्थेतल्या (बंध जोडायला तयार असलेल्या अणूच्या) ऊर्जा घेतल्या की गुणक बदलतात, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. सवडीने लिहीन.

ॲलन या रसायनज्ञाच्या १९८९ च्या विद्युतऋणता-श्रेणीत निऑन फ्लोरीनच्याही वर आहे, कबूल. माझ्या लेखात निऑन नव्हताच.

'गुगल करून लिहिलेलं' या शेऱ्याला उत्तर देत नाही. यापुढे टोपणनावाने आलेल्या प्रतिक्रिया छापणार नाही. नावानिशी या, मग हायड्रोजनवर बोलू.