बॉनेटवरचं स्वस्तिक

“काका, गाडी एक्स्चेंजला का नाही टाकत?”

गेल्या रविवारी गाड्या चकचकीत करून देणाऱ्या एका डिटेलिंग स्टुडिओतल्या पोराने मला हे विचारलं, तेही माझ्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकून. बॉनेटवर धूळ, हात कोरडा. एक्स्चेंजचं मी एक वेळ गिळलं असतं. पण धुळीवर कोरडा हात फिरवून ओरखडे पाडणारा माणूस टी-शर्टवर ‘पेंट करेक्शन एक्स्पर्ट’, म्हणजे ओरखडे काढणारा, असं छापून हिंडतो, हे काही केल्या घशाखाली उतरेना.

गेलो कशाला, तर खांद्यापायी. रविवारी गाडीला पॉलिश मी स्वतःच मशीनने करत आलो. पॉलिशर असतो जेमतेम अडीच किलोचा, पण दारावर आडवा धरून तासभर फिरवला की रात्री शर्टाची बाही चढत नाही. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर, मशीन बंद. घरून हुकूम सुटला, ‘आता पैसे टाका आणि दुसऱ्याकडून करून घ्या.’ पैसे टाकायला गेलो तर कुणी घेईना. रेटकार्डावर हॅचबॅक, कॉम्पॅक्ट एसयूव्ही, एसयूव्ही आणि लक्झरी असे चार रकाने. माझी सेडान, आणि सेडान नावाचा प्राणी नामशेष. “बसा काका, इन्स्पेक्शन करून सांगतो,” म्हणून मला लाउंजमध्ये बसवलं. तिथे एसी होता, कॉफीचं मशीन होतं, आणि एक आजी होत्या.

आजी नऊवारीत, मांडीवर पूजेची पिशवी, पिशवीतून डोकावणारा नारळ. शेजारी मुलगा आणि सून. काचेपलीकडे त्यांची कोरी करकरीत एसयूव्ही, शोरूममधून थेट इथे आलेली, घराचं फाटकसुद्धा न बघितलेली. तिला नखशिखांत पीपीएफ लावायची होती. पीपीएफ म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. पूर्ण गाडीला चांगल्यातली लावायची तर लाखाच्या पुढे जाते. मोबाइलला स्क्रीनगार्ड लावतात तोच हा प्रकार, फक्त हप्त्यांवर.

“शोरूममधल्या पोरीने कुंकवाचं बोट लावलं, ते काही खरं नव्हे,” आजी म्हणाल्या. “आमचे गुरुजी यायचेत पाच वाजता. बॉनेटवर स्वस्तिक काढल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही.”

एक्स्पर्ट नम्रपणे म्हणाला, “आजी, हळद-कुंकू मग केमिकलने काढावं लागेल. एक कण जरी राहिला तरी फिल्मखाली फुगा येतो.”

“देवाचं केमिकलने पुसायचं?”

“आई, मग नंतर करू ना पूजा,” मुलगा म्हणाला. “फिल्मच्या वरून.”

आजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की पस्तिशीचा तो माणूस खुर्चीत दोन इंच खाली गेला. “वरून केली तर पूजा प्लॅस्टिकची झाली. गाडी राहिली की आत, बिनपुजेची.”

लाउंजमध्ये शांतता पसरली. एक्स्पर्टने सीनियरला बोलावलं. सीनियरला शेंडी होती, पण फॅशनची. तो म्हणाला, “आजी, फिल्म शंभर टक्के ट्रान्सपरंट आहे. देवाला आरपार दिसतं.”

“देवाला भिंतीतूनही दिसतं,” आजी म्हणाल्या. “म्हणून काय आम्ही पूजा जिन्यात मांडतो?”

यानंतर वाटाघाटी सुरू झाल्या. लाल व्हिनाइलचं स्वस्तिक कापून देऊ, अडीच हजार अधिक जीएसटी. आजींनी नुसतं ‘शिव शिव’ म्हटलं. नारळ कुठे फोडायचा? बाहेर, गाडीपासून दहा फुटांवर. झेंडूचा हार? दोरा घासतो, नको. लिंबं? लिंबं चालतील, टायरला फिल्म नसते. आपल्या धर्माला स्टुडिओत जेवढी जागा शिल्लक होती ती चार टायरांखाली आहे, हे ऐकून आजी माझ्याकडे वळल्या. माझ्या खिशातून मायक्रोफायबरचं फडकं डोकावत होतं. “अहो, तुम्ही इथले जुने कामगार दिसता. तुम्हीच सांगा.”

वास्तविक इथे मी उठून जायला हवं होतं. पण विषय निघाला की माझ्याच्याने राहवत नाही. म्हटलं, “आजी, गाडीचा कंपनीतला सगळा रंग, अस्तर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट धरून, साधारण सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा, भरतो. ही फिल्म दीडशे ते दोनशे. म्हणजे रंगापेक्षा त्याचं पांघरूणच जाड. बाहेरून दिसायला आता तीच गाडी. पूजा तिची झाली तर बिघडलं कुठे?”

आजींना हे पटलं. मुलाला पटलं नाही, कारण लाख रुपये देऊन आपण नेमकं काय घेतोय हे त्याला पहिल्यांदाच कळलं असावं. सीनियर माझ्याकडे बघत राहिला. शेवटी तोडगा आजींनीच काढला. “बॉनेट उघडा. आत इंजिनावर काढू स्वस्तिक. चालतं तेच खरं. वरच्या पत्र्याला काय करायचंय?” गेली कित्येक वर्षं मी ज्या वरच्या पत्र्यासाठी खांदा झिजवला, त्याचा निकाल त्यांनी एका वाक्यात लावला.

आम्हा रविवारवाल्यांची एक पिढी होती. वडिलांच्या आकाशी फियाटला पॉलिश केलं की फडकं आकाशी व्हायचं, कारण तेव्हा रंगावर क्लिअर कोट नसायचा. आपण रंगच उतरवतोय हे कळायचं, तरी हात थांबत नसे. पुढे भाचा अमेरिकेतून यायचा तेव्हा त्याच्या बॅगेत कार्नोबा वॅक्सचा डबा सांगून ठेवायचा. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं ते मेण. कस्टमवाल्याने एकदा उघडून हुंगलं होतं. आता तेच डबे मोबाइलवर बोट दाबलं की दुसऱ्या दिवशी दारात हजर. माल आला आणि हात गेले. बँकेतून निवृत्त झालेल्या एका मित्राचे गुडघे बदलले, तेव्हापासून त्याचा पॉलिशर माळ्यावर आहे, कारण खाली बसल्याशिवाय दाराचा तळ होत नाही. दुसऱ्याची कथा अधिक करुण. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत त्याच्या मते त्याची गाडी निर्दोष होती. पट्टी सुटल्यावर उन्हात पार्किंगमध्ये उतरला, बॉनेटकडे बघितलं, ते बारीक गोल गोल ओरखडे, स्वर्ल मार्क्स, दिसले आणि वर जाऊन जेवलासुद्धा नाही.

त्यात सोसायटी. पाइपने गाडी धुवायला बंदीचा ठराव झाला, ठीक आहे. टँकरचं पाणी आहे, मान्य. मी नंतर पाण्याने धुवावं न लागणारं रिन्सलेस लिक्विड कॅपभर घालून एका बादलीत अख्खी गाडी पुसतो, तरी वॉचमन शिट्टी मारतो. आणि ज्या सेक्रेटरींनी ठराव मांडला त्यांच्या गाडीवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडलेत. ते घालवायला व्हिनेगर विचारायला माणूस माझ्याच दारात येतो! मी देतोही. देऊ नये, पण देतो.

धंद्याचं गणित मला कळत नाही असं नाही. देशात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत निम्म्याहून अधिक एसयूव्ही आहेत. कोऱ्या गाडीवर फिल्म चढवणं सरळ काम आहे. जुन्या रंगावरचा एकेक ओरखडा काढायला दोन दिवस आणि कसब लागतं, आणि कसबाचे पैसे मागितले की आमच्यासारखेच लोक घासाघीस करतात. पण मग निदान थापा तरी मारू नका. रंगावर चढवायच्या संरक्षक थराची, म्हणजे कोटिंगची, जाहिरात भिंतीवर होती, ‘९एच कोटिंग, हिऱ्याच्या तोडीचा कडकपणा’. ९एच ही पेन्सिलची प्रत आहे हो! एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसलेल्या कुठल्याही पोराला एचबी आणि टूबी माहीत असतं. ९एच पेन्सिलने ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हिऱ्याला यात कोणी ओढला?

हे मी सीनियरला सांगत असतानाच एक्स्पर्ट जाडी मोजायचं यंत्र घेऊन आला. छतावर १२१ मायक्रॉन, दारावर ११६, बॉनेटवर ८४.

“कोणी घासलीय एवढी?”

“मी. आणि घासली नाही, पॉलिश केलीय.”

“तेच ते. आता मशीन मारण्यात रिस्क आहे काका, कोटिंगची वॉरंटी बसणार नाही. साधा वॉश करून देऊ?”

वॉश! मी उठलो. तेव्हा काउंटरवरून बिल आलं. इन्स्पेक्शन चार्ज पाचशे, त्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण ५९० रुपये. माझ्या गाडीवर माझा रंग किती उरलाय हे मला सांगायचे. आवाज चढवून पाहिला, सीनियरने “पॉलिसी आहे सर” म्हटलं. पहिल्यांदा ‘सर’ म्हणाला तो, पैसे घेताना. पक्की पावती मागून घेतली, तेवढाच सूड.

बाहेर पडताना फाटकावर गुरुजी स्कूटर लावत होते. सिक्युरिटीवाल्याने वही पुढे केली, “काम काय? वॉश, कोटिंग की फिल्म?”

“वाहनपूजा,” गुरुजी म्हणाले.

त्याने क्षणभर विचार केला आणि ‘वॉश’ लिहिलं.