धोंड्याच्या महिन्यातली कोय

2018 चा अधिक ज्येष्ठ. धोंड्याचा महिना आणि आंब्याचा हंगाम एकदाच आले की सासऱ्याचा खिसा कसा मोकळा होतो, ते औशातल्या आमच्या घरानं त्या वर्षी पाहिलं. जावई आले. 33 धोंडे, चांदीची वाटी, वर केशरचा रस. पाटावर बसवून ही ओवाळायला लागली आणि मागच्या दारातनं नातू ओरडला, "आबा, टिप्यानं कोय गिळली!"

जावई अर्धं कुंकू लावून पाटावर आणि अख्खं घर अंगणात. टिप्या शेपूट हलवत, आणखी आहे का, म्हणून बघत होता.

गल्ली जमलीच. "मिठाचं पाणी पाजा, भडाभडा वकंल." "एरंडेल द्या की." शेजारची म्हातारी म्हणाली, "माय माय, आता पोटात झाड उगवतंय." नातू रडायला लागला तो त्यानंतर.

टिप्याला मोटारसायकलवर मधे धरून जनावरांचा दवाखाना गाठला. आमच्यापुढं दोन म्हशी नि एक शेळी. डॉक्टरांनी पोट चाचपलं. "मीठ पाजलं नाही ना?"

"नाही." पाजणारच होतो, टिप्यानं तोंड उघडलं नाही, हे मी गिळलं.

"बरं केलं. रक्तात मीठ चढून कुत्रं दगावतं. शिवाय वकताना कोय अन्ननळीत अडकली तर आणखीच पंचाईत."

फोटो काढा म्हटलं तर म्हणाले, एक्स-रेत खिळा दिसतो, हाड दिसतं, कोय धड दिसत नाही. "गाय परवडली. चाऱ्यातनं तार गिळली तर तिच्या पोटात चुंबक सोडता येतं. कोयीला काय लावू?"

उपाय एकच. थोडं थोडं खायला घाला, पाणी ठेवा आणि शी बघत राहा. उलट्या, पोट फुगणं, अन्न टाकणं, शी बंद होणं, यातलं एक जरी दिसलं तरी तडक उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. कोय आतड्यात अडकली की पोट उघडल्याशिवाय सुटका नाही.

पुढचे तीन दिवस माझ्या एका हातात बॅटरी, एका हातात तुराटी. टिप्या लाजाळू निघाला; कुणी मागं आलं की बसायचाच नाही. मी बाभळीआड लपायचो. पेन्शनीत हे दिवस बघायचे होते! जावयाकडं कोण बघतंय? धोंडे गार, रस आंबलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकातनं आत येतोय तोच ही स्वयंपाकघरातनं ओरडली, "काय ओ, झाली का नीट?"

न्हाणीतनं बाहेर पडणारे जावई दचकून म्हणाले, "हो, झाली."

तिसऱ्या दिवशी तुराटीला टणक लागलं. मी ओरडलो, नातू नाचला, हिनं देवाला साखर ठेवली. धुऊन बघतो तर गोटी आंब्याची बारकी कोय! गावरान! आमच्या घरात तर केशरशिवाय आंबा नव्हता. म्हणजे हे शेजारचं. मग आमची कुठाय? पुन्हा बॅटरी, पुन्हा तुराटी, पुन्हा डॉक्टरांना फोन.

संध्याकाळी जावई निघाले. एका पायात बूट चढवला, दुसऱ्यात पाय घातला आणि थांबले. काही न बोलता त्यांनी बूट उपडा केला. चाटून पुसून लख्ख केलेली केशरची कोय फरशीवर पडली.

ही पदर तोंडाला लावून आत पळाली. धोंड्याच्या वाणात हेही धरा, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.