पोरीला नर्सिंगला घालताना

पोरगी बारावी सायन्सला, ग्रुप पीसीबी आणि ती डॉक्टर होणार हे ती पाचवीत असतानाच सोसायटीभर जाहीर झालेलं, अशा पालकांसाठी हे चार शब्द. पोरगा असेल तरी हरकत नाही, वॉर्डात 'ब्रदर'ही असतात. पण पोराच्या बाबतीत हा विचार तुमच्या मनाला शिवणार नाही, याची कल्पना आहे.

नर्सिंगचं नाव नीटचा निकाल लागल्यावरच काढावं. आधी दोन दिवस सुतक पाळावं. तिसऱ्या दिवशी चहा ढवळता ढवळता म्हणावं, "जाऊ दे, नर्सिंग तरी करून टाक." मग राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलची वेबसाइट उघडावी. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी असते, तिचे फॉर्म कधीच भरून झाले आणि परीक्षाही उरकली, हे तिथे कळेल. 100 प्रश्न, 100 मार्क, 90 मिनिटं आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, हे वाचून अजूनच हळहळ वाटेल. अशा वेळी सरकारला शिव्या घालाव्यात आणि ओळखीच्या माणसाला फोन लावावा.

प्रत्येकाच्या ओळखीत असा एक माणूस असतोच. तो म्हणतो, "काका, सीट आपल्या हातातली आहे." त्याला भलते प्रश्न विचारू नका. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे का, मुली प्रॅक्टिकलला नेमक्या कुठल्या हॉस्पिटलात जातात, असलं काही विचारलं की तो दुखावतो. त्यापेक्षा लॉबीतला एसी बघा. एसी गार असेल तर कॉलेज चांगलं.

काही आगाऊ पालक मात्र वेळेत फॉर्म भरतात. त्यांच्यासाठी कागदपत्रं. डोमिसाइल, नॉन-क्रीमी लेयर, जात वैधता हे सगळं प्रवेशफेरी सुरू झाल्यावरच काढायला जावं. बांद्र्याच्या कलेक्टर ऑफिसात त्या आठवड्यात अख्खं उपनगर भेटतं, जुन्या ओळखी निघतात. वर्षभर आधी अर्ज करून ठेवणारी माणसं या आनंदाला मुकतात. दाखल्यावर 'सुषमा' आणि आधारवर 'सुश्मा' असेल तर तेही तसंच राहू द्या, पडताळणीच्या टेबलावर बोलायला विषय मिळतो. स्कॅन तर मोबाइलवरच करावं, डायनिंग टेबलावर, पंखा फुल ठेवून. माझ्या पाहण्यातल्या एका डोमिसाइलच्या डाव्या कोपऱ्यात वडिलांचा अंगठा होता आणि खाली मेणकापडावरची गुलाबाची फुलं आली होती. शासनाला तेवढाच घरचा परिचय.

निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. 85 पर्सेंटाइल म्हणजे 85 टक्के, असं मावशीला सांगून टाका. 15 टक्के मुलं हिच्या पुढे आहेत, हे तिला समजावत बसाल तर पेढे राहून जातील.

खरी गंमत प्रेफरन्स भरताना. हा फॉर्म पोरीने भरायचा नसतो, तो घरातल्या सगळ्यांनी मिळून भरायचा असतो. पहिलं अर्थातच जे.जे.च्या आवारातलं सरकारी कॉलेज, कारण भायखळ्याला स्लो लोकल थांबते. मग आपल्या स्टेशनपासूनच्या अंतराने बाकीची. पोरगी दबक्या आवाजात नागपूरच्या सरकारी कॉलेजचं नाव काढेल. फी कमी, हॉस्पिटल मोठं, वगैरे. तिला तिथल्या तिथे गप्प करा. एकटी पोरगी एवढ्या लांब? रात्रभराचा प्रवास! जेवणाचे हाल! त्यानंतर त्याच बैठकीत जर्मनीचा विषय काढावा. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, त्यात नर्सेसही आहेत, हे काकांना व्हॉट्सअॅपवरून पाठ असतंच. भांडुपहून नागपूर लांब आहे, स्टुटगार्ट मात्र हाकेच्या अंतरावर. जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत शिकावी लागते म्हणे. शिकेल की, इंग्लिश मीडियमची आहे.

आता अभ्यास. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्लिश यांना 20-20 मार्क आणि उरलेले 20 नर्सिंग अॅप्टिट्यूडला. पेशंट चिडून तुमच्यावर ओरडला तर तुम्ही काय कराल, अशा थाटाचे प्रश्न. पर्याय चार: अ) मीही ओरडेन, ब) निघून जाईन, क) शांतपणे त्याचं ऐकून घेईन, ड) नातेवाइकांकडे तक्रार करीन. यासाठी क्लास लावावा लागतो. क्लासची फी भरा, मॉक टेस्टचा पॅक घ्या आणि पोरीच्या खोलीचं दार लावून घ्या, कारण पलीकडच्या खोलीत आजी आहे.

आजी पडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, नाहीतर माकडहाडापाशी कातडी लाल होते आणि मग फुटते. वळवताना खांद्याला आणि कमरेला एकदमच हात घालावा लागतो, चादरीची सुरकुती राहू द्यायची नसते, टाचेखाली उशी नीट बसली का ते बघायचं असतं. हे सगळं 400 रुपये रोजाची बाई करते. पोरीला तिकडे फिरकू देऊ नका. सहानुभूतीवरची मॉक टेस्ट चालू असताना आजी कण्हली तर तिचं लक्ष उडतं.

आणि कुणी केईएमचा विषय काढलाच, तर बदलून टाका. परळच्या त्या हॉस्पिटलातल्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना 1973 पासून 2015 पर्यंत, म्हणजे त्या जाईपर्यंत, सांभाळलं. भरवलं, पुसलं, कूस बदलली. पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, ड्युटी चालूच. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात त्यांचं भरभरून कौतुक केलं. पण यातलं काही अॅप्टिट्यूडच्या सिलॅबसमध्ये नाही, आणि याचं पॅकेज किती हेही कुणाला सांगता येत नाही.

अॅडमिशन मिळाली की स्टेटस लावा: 'मेडिकल फील्ड.' कुठली ब्रांच असं कुणी विचारलंच तर नेटवर्क गेल्याचं सांगा. पोरगी पहिल्या वर्षाला गेल्यावर घरी येऊन बेडपॅन, टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्ट असं काहीबाही बोलायला लागेल; जेवताना नको, एवढंच बजावा. मात्र वॉर्डात तिची ओळख झाली की नातलगांचे नंबर सेव्ह करून घ्यायला सांगा. मुलुंडच्या आत्यापासून विरारच्या मामांपर्यंत सगळ्यांना एक खाट हवी असते, आणि रात्री दोनला फोन घेणारी घरातली माणूस तीच.

चार वर्षांत कोर्स संपतो, लगेच बायोडेटा करायला घ्या. शिक्षणाच्या ओळीत 'बी.एस्सी.' ठळक छापा. पुढचं सोडून द्या, मुलाकडचे विचारतील तेव्हा बघू. नाइट ड्युटीबद्दल तर ते विचारतीलच. तेव्हा सांगा, "लग्नानंतर सोडेल ती." आणि त्याच दमात, मुलगा जर्मनीला यायला तयार आहे का, ते विचारून घ्या.